डाव्या अंगठ्याची संमती

जमीनजुमल्याच्या दस्तांची नोंदणी जिथे होते, अशा एका सरकारी कचेरीत मी तीस वर्षे नोकरी करीत आलो आहे. लिहिता न येणाऱ्या माणसाचा अंगठा घ्यायचा झाला, तर पुरुषाचा डावा आणि बाईचा उजवा, अशी आमच्याकडे जुनी रीत आहे. असे का, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही कधी विचारले नाही. पाहायचे, नोंदवायचे आणि बाजूला व्हायचे, हा माझा स्वभाव नोकरीला फार सोयीचा पडला. अलीकडे मात्र कुंडमकडच्या खेड्यातला एखादा म्हातारा समोर येतो, त्याचा डावा अंगठा शाईच्या गादीवर टेकतो आणि मला शैलावहिनी आठवतात. मग त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांकडे मी जरा जास्त वेळ पाहतो. त्याला वाटते, साहेबांना काही शंका आहे. साहेबांना शंका आहे हे खरे, परंतु ती त्याच्याविषयी नाही.

शैलावहिनी माझ्या थोरल्या भावाच्या, अण्णांच्या पत्नी. जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या घरात खाली ती दोघे आणि वर मी, अशी व्यवस्था होती. मी अविवाहित. तीस वर्षे वहिनींच्या हातचे जेवलो आणि ताट स्वतः उचलून ठेवतो याबद्दल स्वतःला सज्जन समजत आलो. वहिनींनी मुलींच्या शाळेत एकतीस वर्षे गणित शिकवले. अंगाने काटकुळ्या, आवाजाने दणकट. कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी दोन्ही हातांतल्या बांगड्या कोपरापर्यंत मागे सारायची त्यांची लकब होती. भांडणापूर्वीही त्या बांगड्या अशाच मागे जात. त्यामुळे पोळ्या होणार आहेत की पंचाईत, हे पहिल्या क्षणी कळत नसे. एखादी गोष्ट संपली, मग ती चांगली असो वा वाईट, की त्या म्हणत, “चलो, पुढचं.” फळ्यावरचे एक गणित पुसून दुसरे लिहावे तसे. सासूबाईंच्या तेराव्याचे जेवण आटोपले तेव्हाही पदराला हात पुसत त्या हेच म्हणाल्या होत्या, आणि माझ्या मावशीने ते आयुष्यभर मनात ठेवले.

अण्णा संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांच्या डाव्या अंगावरून वारे गेले. वाचाही गेली, उरले दोन शब्द: “नाही” आणि “चहा”. वहिनी म्हणत, “काही फरक नाही पडला. आधीही हेच बोलत होते, फक्त लांबवून.” चौऱ्याऐंशी किलोंचा तो देह पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर न्यायचा म्हणजे रोजची परीक्षा होती. रोज सकाळी घराबाहेरच्या ओट्यावर बसून, चहा पीत, गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकावर शेरा मारणे हा अण्णांचा जन्मभराचा रिवाज होता. दारातून ओट्यावर उतरायला तीन पायऱ्या. त्या तीन पायऱ्या आता त्यांना कटंगीच्या घाटासारख्या झाल्या. मदतीला ठेवलेला माणूस दोन महिन्यांत पळून गेला.

आणि मी? माझी कंबर दुखत असे. हे संपूर्ण असत्य नव्हते. पूर्वी एकदा कचेरीत दस्तांचे बाड उचलताना कमरेत उसण भरली होती. डॉक्टरांनी तीन आठवड्यांची विश्रांती सांगितली होती. ती मी अकरा वर्षे घेतली.

ज्या प्रसंगानंतर वहिनी त्या व्यायामशाळेत गेल्या, तो प्रसंग असा. एका दुपारी न्हाणीघराच्या दाराशी अण्णा त्यांच्या हातून निसटले. दोघेही खाली बसले आणि उठता येईना. वहिनींनी हाक मारली, “भाऊजी!” मी वर वाचत होतो. ती पहिलीच हाक मला ऐकू आली होती. तरी पान संपवले. दुसऱ्या हाकेला खाली उतरलो, समोरचे दृश्य पाहिले, आपोआप एक हात कमरेवर ठेवला आणि म्हणालो, “थांबा, शेजारून कोणाला तरी बोलावतो.” शेजारी येईपर्यंत पाऊण तास गेला. तेवढा वेळ वहिनी ओल्या फरशीवर अण्णांचे डोके मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बांगड्या कोपराशी होत्या.

त्याच संध्याकाळी मी पुण्याला पुतण्याला, रोहितला, फोन केला. “तुझ्या आईला आता झेपत नाही,” असे मी अत्यंत कळवळून सांगितले. कोणाला झेपत नाही, याविषयी मी त्याची दिशाभूल केली, हे मला तेव्हाही कळत होते. रोहित म्हणाला, “काका, इथं एक केंद्र आहे, अशा पेशंटसाठी. दिवाळीला येतो, बाबांना घेऊनच जातो.” मी म्हणालो, “तू म्हणशील तसं.” हे वाक्य मी जन्मभर फार वापरले आहे.

वहिनींना हे रोहितकडूनच कळले. दुसऱ्या दिवशी त्या एक छापील अर्ज घेऊन वर आल्या.

आमच्या घरापासून थोड्या अंतरावर खोव्याच्या जलेबीचे एक प्रसिद्ध दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर फक्त बायकांसाठी व्यायामशाळा निघाली होती. खिडक्यांना गुलाबी पडदे, जिन्याच्या तोंडाशी पाटी: ‘पुरुषों का प्रवेश वर्जित’. आत आठ यंत्रे गोलात मांडलेली. एकेका यंत्रावर अर्धे मिनिट व्यायाम करायचा, घंटी वाजली की पुढच्यावर सरकायचे. असे दोन फेरे झाले की सुटी. प्रत्येक यंत्राच्या जागेला ‘स्टेशन’ म्हणत. चालवणारी रजनी दीदी ही एके काळची कबड्डीपटू. कोणाच्या तरी सासऱ्याने येऊन जिन्यावर तमाशा केल्यापासून तिने अर्जात एक रकाना वाढवला होता: पिता, पती अथवा अभिभावकाची, म्हणजे पालकाची, संमती.

“सही करा, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “यांना विचारलं, तर ‘नाही’ म्हणून राहिले. एकतीस वर्षं पोरींची प्रगतिपुस्तकं ‘पालकाची सही नाही’ म्हणून परत पाठवली मी. आता एकोणसाठाव्या वर्षी माझंच परत आलं.”

“वाचून पाहतो,” मी म्हणालो.

तो अर्ज मी एकोणीस दिवस वाचत होतो. पेन्सिलीने दोन ठिकाणी भाषेच्या चुका दाखवल्या. ‘दुखापतीची जबाबदारी’ या कलमाखाली प्रश्नचिन्ह काढले. रोज ताट वाढताना वहिनी विचारत, “झाला काय वाचून? कादंबरी आहे काय ते?” मी हसून म्हणे, “वहिनी, या वयात पहिलवान होऊन काय करायचं?” मी कधीही मोठ्या आवाजात टिंगल केली नाही, त्यामुळे ती टिंगल नव्हेच, असे मला बरेच दिवस वाटत राहिले.

विसाव्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावरची शाईची गादी उचलली आणि अर्जासह मला खाली चलायला सांगितले. अण्णा पलंगावर उशीला टेकून बसले होते.

“करता काय सही?”

“नाही,” अण्णा म्हणाले आणि उजवा हात पाठीमागे लपवला.

“काहून नाही?”

“नाही.”

वहिनींनी बांगड्या मागे सारल्या. पांघरुणावर निपचित पडलेला अण्णांचा डावा हात त्यांनी उचलला. झोपलेल्या मुलाची मूठ उघडावी तशी बोटे एकेक करून सरळ केली, अंगठा शाईत बुडवला आणि रकान्यात व्यवस्थित उठवला.

“वहिनी, अहो, हे कायद्यानं—”

“काहून? तुमच्याच कचेरीत पुरुषाचा डावा अंगठा चालते ना? उजवा हात ‘नाही’ म्हणून राहिला. डाव्यानं तर काही हरकत घेतली नाही. तुम्ही समोर उभे होते, साक्षीदार म्हणून सही करा. साक्षीला तर तुमची कंबर आड नाही येत?”

मी सही केली. पालकाच्या रकान्यात करवली नव्हती. साक्षीदाराच्या रकान्यात लगेच झाली. अण्णांकडे पाहिले, तर त्यांच्या चेहऱ्याची उजवी बाजू हसत होती.

“चलो, पुढचं,” वहिनी म्हणाल्या आणि अंगठा रॉकेलच्या बोळ्याने पुसू लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या सकाळी सातला निघू लागल्या. रोहितचा कॉलेजातला टी-शर्ट, सलवार आणि शाळेतल्या कवायतीचे जुने पांढरे कॅनव्हासचे बूट. टी-शर्टवर कसल्याशा महोत्सवाचे नाव आणि पेटती मशाल होती. गल्ली बघत असे. गल्लीने विचारले, “कहाँ चलीं, मास्टरनी जी?” तर उत्तर मिळे, “कुश्ती लड़ने. आपके यहाँ से कोई आएगा?” गल्लीने विचारणे सोडले. घरी आल्यावर त्या अण्णांना पूर्ण अहवाल देत: कोणत्या यंत्रावर कोणाची फजिती झाली, कोण घंटीआधीच थांबते, कोण दोन फेऱ्यांनंतर खाली उतरून पाव किलो जलेबी घेऊन जाते. तोंडभर शेरे मारणाऱ्या नवऱ्याचे काम आता त्या एकट्या दोघांपुरते करीत होत्या. अण्णा ऐकत आणि मधूनच “नाही!” म्हणत. त्यात दाद असे.

मी त्यांना स्कूटरवरून सोडायला जाऊ लागलो. तेवढे प्रायश्चित्त कमरेला मानवत होते. खाली जलेबीच्या दुकानाच्या बाकावर आणखी चार-पाच नवरे बसत. वरती बायका घाम गाळीत आणि खाली आम्ही त्यांच्या तब्येतीची चिंता करीत गरम जलेबी खात असू. वरून दर अर्ध्या मिनिटाला घंटी ऐकू येई, पाठोपाठ हसण्याचा लोट. पुरुषांना ज्याचे कारण माहीत नाही असे बायकांचे हसणे फार अस्वस्थ करते. बाकावरचा प्रत्येकजण ते आपल्याविषयीच आहे असे समजून खात असे.

त्यांत गुप्ताजी म्हणून एक कापडाचे व्यापारी होते. एका सकाळी त्यांनी माझा हात हातात घेऊन जोराने हलवला.

“भैया, बधाई हो! कल हमारी श्रीमती ने आपके बड़े भाई साहब को तीन बार उठाया.”

मला काही कळेना. मग गुप्ताजींनी सविस्तर सांगितले. पहिल्या पंधरवड्यातच वहिनींनी रजनी दीदीला सांगून टाकले होते की, या आठ यंत्रांनी हात भरतील, पण माझा नवरा यंत्र नाही. तो ऐन वेळी अंग सोडून देतो. तेव्हा रजनी दीदीने गोलात नववे स्टेशन मांडले: एक लोखंडी खुर्ची, आणि तीत बसलेल्या गुप्ता भाभी, वजनाने जवळजवळ अण्णांच्याच. भाभींनी डावे अंग सैल सोडायचे, उजव्या हाताने खुर्ची घट्ट धरायची आणि “नाही” म्हणायचे. हा मराठी शब्द वहिनींनी त्यांना उच्चारासह शिकवला होता. समोरच्या बाईने त्यांना उठवून, वळवून, शेजारच्या बाकावर बसवायचे. घंटी वाजली की पुढची बाई. काही दिवसांनी भाभींनीही हट्ट धरला की मलाही उचलायचे आहे. तेव्हा पाळीपाळीने कोणी ना कोणी अण्णा होई. स्टेशनचे नावच पडले होते ‘अण्णाजी’. “आज मैं अण्णाजी बनूँगी” यावरून म्हणे भांडणे होत.

गुप्ताजी हसत होते. मी जलेबीचा तुकडा खाली ठेवला. दीक्षितपुऱ्यातल्या चौदा बायका रोज सकाळी माझ्या सख्ख्या भावाला उचलत होत्या, आणि मी खाली बसून त्याच्या प्रकृतीविषयी चार लोकांशी अत्यंत मृदू भाषेत बोलत होतो.

मी मदतीला का गेलो नाही, असे आता कोणी विचारील. मीही विचारतो. ज्या दिवशी उचलायला गेलो असतो, त्या दिवशी आधीच्या सगळ्या दिवसांचा हिशेब उघडा पडला असता. कंबर बरी झाली असे जाहीर करायलाही एक मुहूर्त लागतो. मी मुहूर्ताची वाट पाहत राहिलो आणि दिवाळी आली.

रोहित आला. पाडव्याच्या सकाळी फराळ झाल्यावर त्याने बॅगेतून केंद्राचे कागद काढले. “आई, तिथं सगळं आहे. व्हीलचेअर, नर्स, फिजिओ. तू कशाला अडून राहिली? काकाच म्हणाले फोनवर, तुला झेपत नाही.”

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. आता त्या न्हाणीघराची, त्या पाऊण तासाची गोष्ट सांगतील, म्हणून मी चकलीकडे पाहत राहिलो.

“बरोबर म्हणाले,” त्या म्हणाल्या. “तेव्हा नव्हतं झेपत. आता बघ.” आणि अण्णांकडे वळून, “उठा हो.”

“नाही,” अण्णा म्हणाले. अभ्यंगस्नान, नवा सदरा आणि मुलाने आणलेले कागद, या तिन्हींवर ते रागावलेले होते. उजव्या हाताने त्यांनी पलंगाचा दांडा पकडला. वहिनींनी दोनदा सांगितले. दोनदा तेच उत्तर. रोहित हलकेच म्हणाला, “राहू दे ना, आई.” आणि कागद पुढे सरकवले.

बांगड्या कोपरापर्यंत गेल्या.

“भाऊजी, या खुर्चीत बसा.”

“मी?”

“अण्णा व्हा आज. अंग सैल सोडा. हे काडीची मदत नाही करत. तुम्हीही करायची नाही. तुम्हाला जमेल ते.”

मी बसलो. वहिनींनी माझ्या कमरेभोवती एक जुना गमछा आवळून बांधला. माझ्या गुडघ्यांना आपले गुडघे भिडवले, पाठ सरळ ठेवली, गमछा दोन्ही बाजूंनी धरला आणि मला पुढे-मागे झुलवू लागल्या. “एक... दोन... आणि चला!” तोंडाने हुंकारासारखा श्वास सोडला आणि मी उभा होतो. माझे डोके क्षणभर त्यांच्या खांद्यावर पडले. त्या टी-शर्टला कापराचा वास होता. पाय बदलत त्यांनी मला वळवले आणि अण्णांच्या शेजारी पलंगावर ठेवले. टाकले नाही, ठेवले. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात लहानपणानंतर मला कोणी उचलले नव्हते. ज्याला उचलले जाते त्याला किती भीती वाटते, हे मला तोवर माहीत नव्हते. अण्णांना ते रोज माहीत होते.

“वीस किलोनं हलके आहेत तुझे काका,” वहिनी रोहितला म्हणाल्या, “पण मदत न करण्यात बापाच्या बरोबरीचे.”

अण्णा हसू लागले. चेहऱ्याची उजवी बाजू, मग खांदा, मग सगळा पलंग हलू लागला. हसता हसता त्यांनी पलंगाचा दांडा सोडला, उजवा हात दाराकडे केला आणि म्हणाले, “चहा.”

चहा ओट्यावर प्यायचा, हे त्या हाताने दाखवले होते. वहिनींनी माझ्या कमरेचा गमछा सोडून त्यांच्या कमरेला बांधला. पलंगावरून उभे केले, तीन पायऱ्या एकेक करून उतरवल्या, रोहितने फक्त मागून हात धरला. आठ महिन्यांनी अण्णा ओट्यावरच्या खुर्चीत बसले. गल्लीतून पहिला माणूस गेला. अण्णांनी त्याला आपादमस्तक न्याहाळले आणि ठणकावून म्हणाले, “नाही!” रोहितने कागद बॅगेत परत ठेवले.

त्यानंतर अण्णा दोन वर्षे होते, आणि घरीच गेले. चौदाव्या दिवशी सकाळी सातला वहिनी बूट घालून दाराशी उभ्या होत्या. मावशी म्हणाली, “अगं, आता कोणाला उचलायचंय?” वहिनी म्हणाल्या, “मावशी, तुमचंही वय होऊन राहिलं.”

मग रजनी दीदीने मझौली या गावी तशीच एक खोली घेतली आणि तिथे शिकवायला वहिनींना बोलावले. घरात पडून असलेले माणूस तिकडेही घरोघरी होतेच. उचलणाऱ्या बायकाच होत्या. वहिनींनी पंधरा दिवसांत बिऱ्हाड हलवले. मी त्यांना बसपर्यंत पोचवायला गेलो. सोबत एक ट्रंक होती आणि नवव्या स्टेशनची ती लोखंडी खुर्ची. जबलपूरच्या बायकांनी ती भेट दिली होती. कंडक्टर म्हणाला, “कुर्सी ऊपर जाएगी, माताजी.” वहिनींच्या बांगड्या मागे सरू लागल्या.

मी खुर्ची धरली.

“राहू द्या, भाऊजी. कंबर...”

“बरी आहे,” मी म्हणालो. पुढचे वाक्य बाहेर पडायला वेळ लागला. “वहिनी, ती बरीच होती. सगळा वेळ.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले, चुकलेले उत्तर पोरीने स्वतःच खोडून आणले की पाहत तसे.

“ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. “न्हाणीच्या दारात तुम्ही उजवीकडे हात ठेवला होता. दुखणं डावीकडलं सांगत होते.”

मी खुर्चीवरची पकड बदलली.

“उभे काहून राहिले? गुडघे वाकवा. पाठ सरळ. आणि चढताना श्वास नका कोंडू.”

मी खुर्ची खांद्यावर घेतली आणि बसच्या मागच्या लोखंडी शिडीवर पाय ठेवला. खालून त्या मोजत होत्या, “एक... दोन...” टपावर पोचून दोरीने खुर्ची बांधली आणि वाकून पाहिले, तर त्या खाली नव्हत्या. मोजणे संपवून, ट्रंक स्वतःच उचलून, त्या आत जाऊन बसल्या होत्या. मी उतरलो तेव्हा बस हलली होती. खिडकीतून फक्त एक हात दिसत होता, आणि त्यातल्या बांगड्या पुन्हा मनगटावर आल्या होत्या. शेजारच्या बाईला त्या विचारत होत्या, “घर में कौन बीमार है?”

आता त्या तिकडेच असतात. महिन्यातून एकदा कपडे न्यायला येतात. मी कचेरीत असतो त्या वेळी. मझौलीची ती खोली मी पाहिलेली नाही. तिथेही दाराशी पुरुषांना मज्जाव करणारी तीच पाटी आहे म्हणे.